रब्बीचं निळं पीक

झुलता लोबेलिया अहिल्यानगर जिल्ह्यात उत्तम येतो. ही पुस्तिका एवढं सांगण्यासाठीच लिहिली आहे. पुढची सगळी पानं म्हणजे या एका वाक्याचा तपशील. पण हे वाक्य इथल्या बागप्रेमींना सहजासहजी पटत नाही. टोपलीच्या काठावरून वीत-दीड वीत खाली ओघळणारी ती बारीक निळी फुलं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असतात. ती उटीला शोभतात, महाबळेश्वरला शोभतात, आपल्या कोरड्या मुलखात त्यांचा निभाव लागायचा नाही, असं बहुतेकांचं ठाम मत असतं. रोपवाटिकेत विचारलं तरी ‘इकडं टिकत नाही’ असंच उत्तर मिळतं. उन्हाळ्यापुरतं ते उत्तर खरंही आहे. फेब्रुवारीत कुठून तरी फुललेली कुंडी आणायची, महिनाभर ती मिरवायची आणि होळीनंतर झाड करपलं की हवेला बोल लावायचा, असा हा क्रम वर्षानुवर्षं चालू आहे. तो मोडायचा तर लोबेलियाला रब्बीचं पीक समजावं लागतं. शेतकरी हरभऱ्याची तयारी करतो तेव्हा याची पेरणी करायची आणि हरभरा निघाला की यालाही निरोप द्यायचा.

या झाडाच्या मागण्या तीनच आहेत: रात्र थंड हवी, दिवस लख्ख हवा आणि मूळ कधी कोरडं पडता कामा नये. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नगर फुकट देतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि राज्यातल्या थंड ठिकाणांच्या यादीत त्या दिवसांत नगरचं नाव हमखास असतं. दिवसा मात्र आभाळ निरभ्र आणि ऊन सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. अशी हवा मिळावी म्हणून युरोपातले माळी काचघरं बांधतात. तिकडच्या बियाण्याच्या पाकिटावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा आणि जूनपासून फुलं बघा, असं वेळापत्रक छापलेलं असतं. ते थंड देशांसाठी आहे, आपण ते बाजूला ठेवावं. आपली पेरणी गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत. एकच दिवस विचाराल तर मी घटस्थापनेचा सांगेन. त्या दिवशी घरोघरी परडीत काळी माती पसरून सप्तधान्य पेरलं जातं, म्हणजे हात मातीत असतातच, आणि त्या सुमाराला रात्रीची हवाही अठरा ते चोवीस अंशांच्या आसपास रेंगाळत असते. लोबेलियाचं बी याच उबेत उगवतं. तिथून तीन-सव्वातीन महिने मोजले की संक्रांत येते आणि टोपली निळी होते. मार्चच्या मध्याला, टँकरच्या बातम्या सुरू व्हायच्या आत, ती रिकामीही होते. दुष्काळ ओळखून असणाऱ्या जिल्ह्यात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उन्हाळाभर पाणी मागत राहणारं शोभेचं झाड लावा असं इथे कुणालाही सांगायला माझी जीभ रेटत नाही.

हे फूल आपल्याकडे पाहुणं आहे हे खरं. त्याचं मूळ घर दक्षिण आफ्रिकेत. लिनियसने १७५३ साली त्याला लोबेलिया एरिनस हे शास्त्रीय नाव दिलं. त्यातला ‘लोबेलिया’ म्हणजे सोळाव्या शतकातल्या मातियास द लोबेल या फ्लेमिश वैद्याची आठवण. पण याच घराण्याचा एक माणूस या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या बाजूला ऐन हिवाळ्यात गेलात तर उतारावर पुरुषभर किंवा त्याहून उंच, तंबाखूसारख्या रुंद पानांचं आणि पांढऱ्या फुलांच्या लांब तुऱ्याचं एक झाड दिसेल. तो देवनळ, काही भागांत त्याला धवळ किंवा रानतंबाखूही म्हणतात. शास्त्रीय नाव लोबेलिया निकोटियानिफोलिया. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही याचं वर्णन आहे. कुठे तो उंच तुरा आणि कुठे टोपलीतला नखाएवढा निळा ठिपका! दोघं भाऊबंद आहेत हे एकदम पटत नाही. म्हणून दोघांचं एकेक फूल हातात घेऊन बघावं.

फुलाच्या वरच्या अंगाला दोन अरुंद पाकळ्या आणि खाली तीन रुंद. लोबेलिया एरिनसच्या बहुतेक निळ्या जातींत या तिघींच्या मुळाशी पांढरा डोळा असतो. मौज अशी की कळीत ही मांडणी उलटी असते. उमलताना फुलाचा देठ अर्धा वेढा घेतो आणि वरचा भाग खाली येतो, त्यामुळे कीटकाला उतरायला ऐसपैस ओटा मिळतो. पाकळ्यांची नळी पाठीच्या बाजूला उभी चिरलेली असते. ती चीर हलकेच फाकवली की आत पाचही पुंकेसरांची तोंडं एकमेकांना चिकटून झालेली एक बारीक पुंगळी दिसते. पराग या पुंगळीच्या आतच सुटतात. मधून वाढणारी कुक्षीची दांडी टोकावरच्या केसांनी ते पराग पुढे ढकलत बाहेर काढते, आणि हे काम उरकल्यावरच कुक्षी स्वतः उघडून दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारते. देवनळाच्या मोठ्या फुलात हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं, टोपलीतल्या फुलाला भिंग लागतं. शाळकरी मुलांना हा एक प्रयोग जरूर दाखवावा. मात्र नंतर हात धुवायला लावावेत, कारण दोन्ही झाडांत लोबेलिन नावाचं विषारी द्रव्य असतं. शेळ्या, गुरं आणि रांगतं मूल यांच्या आवाक्यात हे झाड ठेवू नये. टोपली उंच टांगण्याचं हेही एक कारण.

नगरला बागेचं वेड नवं नाही. निजामशाहीने हे शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं आणि लगोलग बागांचा ध्यास घेतला. हश्त बेहेश्त बाग, तळ्याच्या मधोमध महाल असलेली १५८३ च्या सुमाराची फराहबाग. ही ठिकाणं आज पडकी असली तरी उभी आहेत. मला मात्र त्या महालांपेक्षा खापरी नळांचं अप्रूप जास्त आहे. आसपासच्या गावांतून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून शहरात आणि बागांत पाणी खेळवलं होतं. या मुलखात फूल फुलवायचं तर आधी पाण्याची वाट बांधावी लागते, हे त्या कारागिरांना पुरतं ठाऊक होतं.

पुढे १८०३ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि भिंगारला छावणी आली. हिवाळी विलायती फुलं कुंड्यांत लावून बंगल्याच्या व्हरांड्यात रांगेने मांडायची रीत आपल्याकडे आली ती अशा छावण्यांतूनच. या किल्ल्याची आणखी एक बाग आहे, तिची आठवण नगरकरांनीही फारशी ठेवलेली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे स्थानबद्ध झाले. ‘भारताचा शोध’ हा पंडित नेहरूंचा ग्रंथ इथेच लिहिला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात नेहरूंनी इथल्या बागकामाबद्दल लिहिलं आहे. भर उन्हात वाफे खणताना दगडधोंडे, चुनाविटा आणि जुन्या इमारतींचे अवशेष कुदळीला लागत होते, माती अगदीच निकस होती, तरी फुलांचे वाफे तयार झाले. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या पत्रसंग्रहातही या बागेची वर्णनं आहेत. बाहेर देश पेटलेला, आत सुटकेची तारीख कुणालाच ठाऊक नाही, आणि अशात ही माणसं पुढच्या हंगामाची फुलं पेरत होती. किल्ल्याच्या त्या दगडी आवाराचा विचार केला की मला कुंडीची किंमत जास्त कळते. जमीन नाठाळ असली तरी दहा लिटर चांगली माती कुणालाही जमवता येते.

आजच्या नगर तालुक्यात फूल म्हणजे शेवंती, झेंडू, अॅस्टर, गुलछडी. अकोळनेरसारखी गावं फुलांसाठी ओळखली जातात, आणि दसरा-दिवाळीला किलोचा भाव काय फुटतो यावर घरचं गणित ठरतं. लोबेलिया या हिशोबात कुठेच बसत नाही. त्याचा हार होत नाही, गजरा होत नाही, खुडलं तर तासाभरात मलूल होतं. ते झाडावरच पाहायचं फूल आहे. ज्या घरात वर्षभर विक्रीसाठी फुलं तोडली जातात, त्या घराच्या ओसरीवर एक टोपली न तोडण्यासाठी असावी, असं मला मनापासून वाटतं. शेतकरी घरांतल्या मुलींनी आणि सुनांनी ती लावलेली पाहिली की पुस्तिका लिहिल्याचं चीज झालं असं मी समजेन.

आता पेरणीकडे वळू. झाड हातचं जातं ते इथेच. लोबेलियाचं बी म्हणजे तपकिरीची चिमूट: रंग तोच, पोत तोच, आणि शिंकलात तर उडून जाईल हेही तसंच. एका ग्रॅममध्ये तीस हजारांच्या वर बिया भरतात. त्यामुळे पाकिटात काहीच नाही असं वाटून फसू नये. चहाचा चमचाभर बारीक चाळलेली कोरडी वाळू घ्यावी, तीत बी मिसळावं, मधोमध घडी घातलेल्या कागदावर ते मिश्रण घेऊन बोटाने टिचक्या मारत पसरट ट्रेमध्ये शिंपावं. ट्रेमधलं माध्यम आधीच ओलं करून, दाबून सपाट केलेलं असावं. बियांवर माती अजिबात लोटू नये. आपल्या हाताला सवय झाकायची आहे, पण या बीला उगवायला उजेड लागतो. अर्धा सेंटिमीटर मातीखाली गेलं तर ते तिथेच संपतं. वरून झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवावा आणि वरचा थर काळपट दिसू लागला की काढून घ्यावा. वर काच किंवा प्लास्टिकचं झाकण, जागा उजेडाची पण उन्हाची नव्हे. आठ-दहा दिवसांपासून वीस दिवसांपर्यंत केव्हाही हिरवी बुरशी आल्यासारखी एक झाक दिसू लागते. ती बुरशी समजून ट्रे फेकू नये, तीच रोपं!

झाक दिसली की झाकण थोडं थोडं उघडून दोन-तीन दिवसांत पूर्ण काढावं. कोंडलेल्या दमट हवेत रोपं बुंध्याशी कुजून आडवी पडतात. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात आणि मिरचीच्या गादीवाफ्यावर त्याची सगळ्यांनाच ओळख असते. कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा आणून पेरणीआधी माध्यमात मिसळावा, आणि पाणी सकाळीच द्यावं. महिन्याभरात रोपं बोटाच्या पेराएवढी झाली की उचलायची. इथे एकेक रोप सुटं करायच्या फंदात पडू नये. पाच-सात रोपांचा झुबका मातीसकट उचलून एकाच रोपासारखा लावावा. बारा इंची टोपलीच्या काठाने असे सहा झुबके पुरतात. रुजल्यावर एकदा शेंडे खुडले की फुटवे भरतात. झुलत्या जातींना पुन्हा खुडायची गरज पडत नाही.

मातीबद्दल दोन गोष्टी. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीकडची काळी कसदार माती उसाला सोनं आहे, पण टोपलीत ती शत्रू ठरते: ओली झाली की चिकट होऊन मुळं गुदमरतात, सुकली की काठाशी भेग पडून पाणी तिथूनच निसटतं. पारनेरचा मुरूम पाणी धरत नाही. म्हणून टोपलीसाठी मिश्रण करावं: निम्मं भिजवून फुलवलेलं कोकोपीट, पाव भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पानांचं खत, आणि पाव भागात जाड वाळू व थोडी पोयट्याची माती. या जिल्ह्यात साखर कारखान्यांची मळी मुबलक मिळते. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला तेव्हापासून ती इथल्या शेतीच्या ओळखीची. ती वापरायला हरकत नाही, पण पूर्ण कुजलेली, हातात घेतली तर उष्ण न लागणारी असावी, आणि एका मुठीच्या वर घालू नये. भिजलेली टोपली सहा-सात किलो भरते. तेव्हा हुक स्लॅबमध्ये पक्का ठोकून घ्यावा. पत्र्याच्या पन्हाळीला किंवा ग्रिलच्या तारेला टांगू नये.

पाणी हा तिसरा, आपल्यावर सोपवलेला भाग. टोपलीत कायम वापसा हवा. चिखल नको, फुफाटाही नको. नगरच्या हिवाळ्यातली हवा कोरडी असते आणि टांगलेल्या टोपलीला वारा चहूबाजूंनी लागतो, त्यामुळे जमिनीवरची कुंडी दोन दिवस दम धरते तिथे टोपली संध्याकाळी सुकलेली असते. लोबेलिया एकदा पुरता माना टाकून बसला की नंतर कितीही पाणी घाला, पूर्वीचं रूप येत नाही. जानेवारीत रोज सकाळी एकदा, फेब्रुवारी सरताना दोनदा. बोट मातीत घालण्यापेक्षा टोपली तळहातावर किंचित उचलून पाहावी. वजनाचा अंदाज दोन-चार दिवसांत येतो. पूर्ण वाळलीच तर वरून पाणी ओतून उपयोग नाही, कारण सुकलेलं कोकोपीट पाणी झटकून टाकतं. टोपली पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बसवावी. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं आणि मिठाचं नको.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे. कालव्यांच्या पट्ट्यात क्षारपड आणि चोपण जमिनी किती वाढल्या हे शेतकऱ्यांना सांगायला नको. तेच क्षार टोपलीतही साचतात. लोबेलियाला साडेपाच ते साडेसहा सामूची, म्हणजे किंचित आंबट माती मानवते. जड पाण्याने सामू चढला की मुळांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत कमी पडलं असं समजून लोक आणखी खत घालतात आणि क्षार वाढवतात. उपाय म्हणजे चिलेटेड लोहाची हलकी फवारणी, आणि आठवड्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी तळातून वाहेपर्यंत भरपूर द्यायचं. परतीच्या पावसात गच्चीवर दोन पिंपं भरून ठेवली तर एका टोपलीला असं पाणी बरेच आठवडे पुरतं.

जागा पूर्वेची. सकाळचं ऊन अकरापर्यंत, मग सावली. डिसेंबरात दिवसभराचं ऊनही सोसतं, पण फेब्रुवारीत दक्षिण-पश्चिमेची तापलेली भिंत टोपली भाजून काढते. खत डाळिंबवाल्यांच्या घरात असतंच: एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि फुलं हरवतात. मावा आला तर निंबोळी अर्क पुरतो. लाल कोळी दिसू लागला तर हंगाम संपत आला असं समजावं आणि औषधांच्या मागे लागू नये.

पहिली फुलं ओसरली की फेब्रुवारीच्या सुरुवातीला कात्रीने सगळ्या फांद्या निम्म्यावर आणाव्यात. हात धजावत नाही, हे मला समजतं. फुलं असताना कापणं जिवावर येतं. पण बहार धरण्यासाठी डाळिंबाची छाटणी करणाऱ्या मुलखाला हे तत्त्व नव्याने शिकवायला नको. छाटून, खत देऊन, सावलीत सरकवलं की दोन-तीन आठवड्यांत दुसरा बहार येतो आणि तो मार्चच्या मध्यापर्यंत साथ देतो.

जातींविषयी थोडक्यात. पाकिटावर ‘ट्रेलिंग’ किंवा ‘पेंडुला’ असं छापलेलं पाहूनच बी घ्यावं. ‘सफायर’ गडद निळी, पांढऱ्या डोळ्याची. ‘कॅस्केड’, ‘रिगाटा’, ‘फाउंटन’ या मालिकांत निळ्याबरोबर पांढरे, जांभळे, गुलाबी रंग येतात. ‘क्रिस्टल पॅलेस’ नाव ऐकायला छान, पण ती बुटकी, वाफ्याच्या कडेची जात आहे, टोपलीतून ती कधीच ओघळणार नाही. सोबतीला पांढरं अॅलिसम बरं. पिटुनिया लावाल तर महिन्याभरात तो लोबेलियाला झाकून टाकेल. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेर भरणारं पुष्पप्रदर्शन बघून यावं. हिवाळी फुलं कुंडीत किती भरू शकतात याचा अंदाज तिथे डोळ्यांना येतो, आणि नगरहून पहाटे निघालं तर ते एका दिवसात होतं.

मार्चमध्ये झाड गेल्यावर टोपली तशीच टांगून ठेवू नये. बोंडं तपकिरी झाली असतील तर ती कागदाच्या पाकिटात झाडून घ्यावीत. संकरित नसलेल्या जातींचं बी पुढच्या वर्षी साधारण तसंच फुलतं. मग माती मोकळी करून, मुळं काढून, किंचित ओली करून गच्चीवर पसरावी आणि पारदर्शक प्लास्टिकने चहूबाजूंनी बंद करावी. नगरचं चाळीस अंशांचं मे महिन्याचं ऊन चार-सहा आठवड्यांत तिच्यातली बुरशी आणि किडींची अंडी मारून टाकतं. पावसाआधी ती पोत्यात भरावी. गणपती उठले की तिच्यात पाव भाग ताजं गांडूळखत मिसळून पुन्हा वापरायची. काथ्याचं अस्तर दोन हंगाम टिकतं, तिसऱ्या वर्षी बदलावं.